घाटाखालचा चार्जर

१

आमच्या खोऱ्यात लोक सकाळी उठल्यावर खिडकीबाहेर बघत नाहीत, फोनवर विजेचा दर बघतात. उद्या दुपारी वारा सुटणार, पवनचक्क्या जोरात फिरणार, वीज मातीमोल होणार, अशी खबर लागली की माझ्या सलूनमध्ये दिवसभर दुसरा विषय नसतो. मी केस कापते. वीस वर्षं याच खोऱ्यातल्या डोक्यांवरून कात्री फिरवतेय. कुणाच्या गाडीची धाव थंडीत निम्म्यावर येते आणि कोण हिटर बंद ठेवून बायकोला कुडकुडवत नेतो, हे मला घरबसल्या कळतं.

माझीही गाडी विजेचीच. इथे सगळ्यांचीच आहे. रात्री घरी आलं की वायर लावायची, पण गाडी लगेच वीज घेत नाही. आपण सांगून ठेवलेल्या स्वस्त तासाची ती वाट बघत बसते. त्या दिवशी स्वस्त तास दुपारचे होते, म्हणून मीही दुपारची वेळ लावून झोपले. अख्ख्या खोऱ्याने तेच केलं असणार. त्यात चुकलं काय, असं मला कुणी विचारलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गळ्यात कापड बांधत होते, तेवढ्यात फोन वाजला. डोंगरापलीकडच्या शहरातून, इस्पितळातून.

"एस्किलची आई ना तुम्ही, सिग्रुन? मी इंगव्हिल, इथली नर्स. तुमचा मुलगा तळ्याच्या बर्फातून आत पडला. काढलाय त्याला. पण शरीर फार थंड आहे, चोवीस डिग्री. हृदय चालत नाहीये. यंत्रावर ठेवून आम्ही रक्त गरम करतोय, हळूहळू."

"म्हणजे जिवंत आहे की नाही?"

"ते तो गरम झाल्याशिवाय आम्ही ठरवत नाही," ती म्हणाली. "तुम्ही निघा."

एस्किल माझा एकुलता एक. एकोणीस वर्षांचा, तिकडे सुतारकाम शिकतो. त्याचा बाप उत्तरेला बोटीवर असतो आणि त्याचा फोन लागला तर लागतो. मी गिऱ्हाइकाला कापडासकट खुर्चीत सोडलं आणि गाडीत बसले. पडद्यावर अठरा टक्के.

२

अठरा टक्क्यांत घाट चढता येत नाही. उन्हाळ्यात आला असता, उणे वीसमध्ये नाही. घाटाच्या पायथ्याशी जलद चार्जर आहेत, तिथवर पोचायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. हिटर बंद केला. मागच्या सीटवरची लोकरीची चादर पायांवर घेतली, हातमोजे घातले. माझ्याच श्वासाने काच आतून धुरकट व्हायची आणि मी बाहीने पुसायचे. चार्जरकडे निघालोय असं गाडीला सांगितलं तर ती वाटेतच बॅटरी तापवायला घेते, म्हणजे तिथे चार्जिंग भरभर होतं. पण त्यालाही वीज लागते, म्हणून तेही नाही सांगितलं. रस्ताभर मी एस्किलला शिव्या घालत होते. तळ्यावर कशाला गेलास मेल्या, कुणी सांगितलं होतं तुला. शिव्या थांबल्या की रडू फुटेल हे मला कळत होतं.

पोचले तेव्हा सात टक्के उरले होते.

घाटाचं फाटक खाली होतं. वर वादळ होतं. असं असलं की गाड्या एकट्या सोडत नाहीत. पुढे बर्फ ढकलणारा ट्रक, मागे एक राखणीची गाडी, आणि मधे सगळ्यांचा काफिला. विजेच्या गाडीत निदान चाळीस टक्के असल्याशिवाय काफिल्यात घेत नाहीत, कारण वर अडकलं तर हिटरवरच तासन्‌तास काढावे लागतात. फाटकावरच्या पाटीवर लिहिलं होतं, पुढचा काफिला दुपारी.

चार्जर चार. दोन बर्फाच्या ढिगात गाडलेले, तिसऱ्याचा पडदा मेलेला. चौथ्याला एक राखाडी गाडी लागलेली होती.

तिथलं कॉफीचं दुकान फक्त सुट्टीच्या दिवशी उघडतं. तिथे मी होते, ती गाडी होती आणि चार्जरची घरघर होती.

३

आमच्याकडे रांगेत उभं राहिलेला माणूस पुढच्याच्या काचेवर टकटक करत नाही. पुढचा आत झोपला असेल, रडत असेल, नवरा-बायको भांडत असतील. आपण लांब उभं राहायचं आणि आकाशाकडे बघायचं. लहानपणापासून हेच शिकलोय. मीही पहिल्यांदा तेच केलं.

मग चार्जरच्या पडद्यावर नजर टाकली. तेवढं चालतं. बाण सरकत होता, वीज पूर्ण जोराने जात होती. पडद्यावर चोवीस टक्के.

बरं, म्हटलं, थंड बॅटरी आहे, घेईल सावकाश. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं तर तेच चोवीस. वायरला हात लावला तर मोज्यातूनही चटका बसला. वायर जिथे जमिनीवर पडली होती तिथला बर्फ वितळून खालची खडी दिसत होती. गाडीभोवतीचा बर्फ मात्र गुडघाभर आणि अगदी सपाट. पहाटेपासून बर्फ पडत होता, चाकांच्या खुणा बुजल्या असतील, एवढं मला कळत होतं. पण मग टपावर बर्फ का नव्हता? आत ऊब असेल म्हणून. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं.

काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. कुणीतरी आत श्वास घेत होतं, नाहीतर काचा अशा धुरकटत नाहीत.

तेवढ्यात मागे गाडी थांबली. आमच्याच खोऱ्यातला तोरलाइफ. सत्तरी उलटलेला म्हातारा, दर महिन्याला माझ्याकडे केस कापायला येतो आणि उरलेल्या चार केसांवरून माझं डोकं खातो. हातात थर्मास घेऊन उतरला.

"तूही दुपारची वेळ लावली होतीस का?" त्याने विचारलं.

"हो."

"सगळी शहाणी माणसं एकाच खड्ड्यात. बारा टक्के आहेत माझ्याकडे. पलीकडे बहिणीकडे वाढदिवसाला निघालोय, केक डिकीत थिजलाय. हा कोण पुढे?"

"माहीत नाही."

"किती झालं त्याचं?"

"चोवीस. हलतच नाहीये."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "सिग्रुन, काय झालंय तुला? तोंड पांढरंफटक पडलंय."

मी सांगितलं. त्याने थर्मासचं झाकण भरून कॉफी माझ्या हातात दिली.

"मग टकटक कर की," तो म्हणाला.

४

मी टकटक केली. आधी बोटाच्या पेराने, मग मुठीने. "ऐका हो, माझा मुलगा इस्पितळात आहे, मला थोडंच चार्ज करू द्या." आतून आवाज नाही. दाराची कडी ओढली, ती गोठून बसली होती. काचेला कान लावला. आत कुठेतरी पाण्याचा थेंब थेंब आवाज येत होता.

"झोपला असेल," तोरलाइफ म्हणाला. "नाहीतर बहिरा."

इंगव्हिलचा फोन आला. "सव्वीसवर आलाय," ती म्हणाली. "हळूहळू चढतंय, पण चढतंय. तुम्ही कुठपर्यंत आलात?"

"घाटाखाली. चार्ज करतेय."

फोन ठेवला आणि सहज पडद्याकडे बघितलं. सव्वीस.

मी हसलेच असेन, कारण तोरलाइफने विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं. आकडाच तो. डोकं फिरलेल्या आईला कुठेही काहीही दिसतं. शिवाय मघाशी हलत नव्हता तो आकडा आता हलतोय, म्हणजे बॅटरी तापली, म्हणजे हा माणूस लवकर निघेल, असा सरळ हिशोब होता. मी स्वतःला तो समजावून सांगितला आणि पुन्हा पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं.

मग काफिला पलीकडून उतरला. पिवळा दिवा फिरवत ट्रक आला, मागे गाड्यांची ओळ, शेवटी राखणीची डिझेल गाडी. तिचा चालक आर्नफिन, नारिंगी जाकीट घातलेला, दाढीत बर्फ. तो फाटकाशी थांबला. मी धावत गेले.

"परत कधी निघणार?"

"ट्रकने तोंड फिरवलं की. ही शेवटची खेप. नंतर घाट बंद होईल, कदाचित उद्याही उघडणार नाही. तुझ्याकडे किती आहेत?"

"सात."

त्याने मान हलवली. "चाळीस, बाई. गेल्या वर्षी एक कुटुंब वर अडकलं होतं, त्यांची पोरं मी उचलून आणलीत. मला नको सांगू."

मी त्याला काहीच सांगितलं नाही. तोंड उघडलं तर किंचाळेन असं वाटलं. उलटी फिरले आणि चार्जरकडे आले.

५

चार्जरच्या अंगाला तळहाताएवढं लाल बटण असतं. आग लागली, कुणाला शॉक बसला, तरच दाबायचं. दुसऱ्याचं चार्जिंग त्या बटणाने तोडणं म्हणजे आमच्याकडे कुणाच्या ताटातला घास काढण्यासारखं. हे चार्जर बसल्यापासूनच्या सहा वर्षांत मी कुणाला ते दाबताना बघितलं नव्हतं.

"सिग्रुन," तोरलाइफ म्हणाला.

मी दाबलं.

घरघर थांबली. एवढी शांतता झाली की फाटकावरची पाटी वाऱ्याने हलत होती ती ऐकू आली. पडदा काळा झाला. मी राखाडी गाडीपाशी गेले, तिचा प्लग धरून ओढायला लागले. तो निघेना. पाय टेकवून ओढत होते आणि माझं तोंड मागच्या काचेपासून हातभर अंतरावर होतं.

काच खालून गोठायला लागली. आतून. धुरकटपणाचे बारीक बारीक काटे होत वर चढत होते. आणि आतून कुणीतरी काच पुसली. मोठी जागा नाही, तळव्याएवढी. मग ते वळलं, पाठमोरं झालं आणि मागच्या सीटवर अंग आखडून घेतलं. मला मान दिसली. ओले केस, टोकांना बर्फाचे मणी. डाव्या कानामागे एक जागा आहे, तिथे केस उलटे उगवतात आणि कितीही कापले तरी उभेच राहतात. त्या जागेवर मी पहिल्यांदा कात्री चालवली तेव्हा तो माझ्या मांडीवर बसलेला होता आणि हातातलं बिस्कीट माझ्या केसांना पुसत होता.

चेहरा दिसला नाही. काच भरून गेली.

खिशात फोन वाजत होता. कधीपासून वाजत होता कोण जाणे.

"सिग्रुन, ऐका," इंगव्हिल धापा टाकत होती, "यंत्राची वीज गेली. असं कधी होत नाही, राखीव जनरेटरही चालू होत नाहीये. आम्ही हाताने फिरवतोय. तो खाली चाललाय, तेवीस झालेत, तुम्हाला माहीत असावं म्हणून..."

मी फोन बर्फात टाकला. लाल बटण फिरवून बाहेर ओढलं. पडदा उजळला आणि टॅग मागायला लागला. किल्ल्यांच्या जुडग्यात माझा चार्जिंगचा टॅग असतो, तो टेकवला. घाईत नीट टेकला नाही, पडदा दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा घरघर सुरू झाली.

तेवीस.

"अगं, दुसऱ्याच्या गाडीला तुझ्या टॅगवर?" तोरलाइफ म्हणाला. "तू शुद्धीवर आहेस का?"

मी गुडघ्यावर बसून फोन शोधत होते. तो चालूच होता. "आली," पलीकडे कुणीतरी ओरडत होतं, "वीज आली."

६

त्यानंतरचं मी तुकड्यातुकड्यांनी सांगू शकते. आमच्या मागे आणखी गाड्या येऊन थांबल्या, सगळ्या खोऱ्यातल्या, सगळ्यांनी दुपारची वेळ लावलेली. माणसं लांब उभी राहून आकाशाकडे बघत होती. मी पडद्यासमोर उभी होते. अठ्ठावीस. एकतीस. दर वेळी फोन यायचा आणि मी आकडा ऐकायच्या आधीच मला तो ठाऊक असायचा. चौतीसला इंगव्हिल म्हणाली, हृदय आपलं आपण चालायला लागलंय. मला आनंद झाला का? झाला. इतका की मी चार्जरच्या गार पत्र्याला मिठी मारली, आणि लोकांनी तोंडं फिरवली.

गाडीचं दार फोडावं असंही मनात आलं. पण दार उघडलं तर ऊब बाहेर जाईल. आणि आत कुणीच नसलं तर? किंवा असलं तर? मी त्या काचेकडे पुन्हा बघितलं नाही.

यंत्राची वीज जाणं हा योगायोग असू शकतो. मान कुणाचीही असू शकते, पोराच्या काळजीत दिसली असेल एस्किलची. आकडे जुळतात, कधी कधी जुळतात. हे सगळं मी तेव्हाही म्हणत होते आणि यातला एक शब्दही मला खोडून काढता येत नाही. पण ते बटण पुन्हा दाबून खात्री करून घे, असं मला कुणी म्हणू नये.

सदतीसवर पडदा थांबला. वीज पूर्ण जोराने जात होती आणि आकडा हलत नव्हता.

७

आर्नफिन चालत आला. तोरलाइफने त्याला सांगितलं असावं.

"मुलाचं मघाशीच का नाही बोललीस?" तो खाली बघत म्हणाला. "गाडी राहू दे इथे. माझ्या शेजारची सीट रिकामी आहे. चल, ट्रक फिरलाय."

फाटक वर गेलं होतं. ट्रकचा पिवळा दिवा बर्फावर फिरत होता. उजेड अजून होता, तास दीड तासाचा. त्याच्या गाडीचं दार उघडं होतं आणि आतून गरम हवा येत होती. मी एक पाऊल टाकलंसुद्धा.

मग तोरलाइफ म्हणाला, "जा तू, जा. आम्ही बघतो इथलं. हा अजून अर्ध्या तासात नाही हलला तर मी दाबतो ते बटण."

"नाही. हात लावायचा नाही."

"मघाशी तूच दाबलंस की."

"तोरलाइफ, तुमच्या पाया पडते. त्याला हात लावू नका. रात्रभर नाही, उद्याही नाही."

"बरं बाबा, मी नाही लावणार," तो दचकून म्हणाला, आणि मागच्या रांगेकडे हात केला. "पण यांना काय सांगू? लोकांनी मघाशी बघितलंय तुला. त्या पलीकडच्या गाडीत तान्हं मूल आहे. परत जायलाही त्यांच्याकडे वीज नाहीये. काय कारण सांगू त्यांना?"

मी रांगेकडे बघितलं. तान्ह्याची आई गाडीबाहेर उभी होती. आकाशाकडे बघत नव्हती, लाल बटणाकडे बघत होती. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीच होते थोड्या वेळापूर्वी.

माझी लोकरीची चादर आणि सात टक्के उरलेली गाडी मी तिला देऊ केली, हिटर लावून बस म्हटलं. तोरलाइफनेही त्याची किल्ली पुढे केली. तेवढ्याने थोडा वेळ निघेल. मग मी मागे सरकले आणि चार्जरला पाठ लावून उभी राहिले, बटण पाठीमागे झाकलं जाईल पण दाबलं जाणार नाही अशी.

"अगं चल ना," आर्नफिन म्हणाला. "घाट बंद झाला की दोन दिवस जाता येणार नाही तुला."

फोन वाजला. इंगव्हिल हसत होती, रडत होती. "सिग्रुन, आम्हाला कुणालाच हे पटत नाहीये, इतक्या लवकर असं होत नाही कधी. तो जागा आहे. बोलतोय. फोन त्याच्या कानाशी धरते हं."

"आई," एस्किल म्हणाला. आवाज खरवडलेला, झोपेतला, पण त्याचाच. मी फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"आई, इथे छान ऊब आहे गं."

"हो रे राजा. पडून राहा."

"पण खिडकीबाहेर कुणीतरी उभं आहे. माझ्याकडे पाठ करून."

पलीकडे इंगव्हिल त्याला समजावत होती, अरे, चौथा मजला आहे, कोण असणार. माझ्या मागे राखाडी गाडीच्या काचेवर आतून काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी वळले नाही.

"तिला सांग ना, जाऊ नको म्हणावं," एस्किल म्हणाला. "ती हलली की गार लागतं."

"सांगते."

"आणि तू लवकर ये. मला भीती वाटतेय. किती वेळ लागेल तुला?"

आर्नफिन गाडीचं दार हाताने धरून उभा होता. ट्रकने एकदा भोंगा वाजवला. फाटक वर होतं आणि पलीकडे रस्ता नुकताच साफ केलेला, काळा, सरळ वर जाणारा.

"नाही रे येता येत, बाळा," मी म्हणाले. "घाट बंद आहे."